खाली बघणारे खैरनार पंच

सगळं मैदान अंगावर धावून येत होतं आणि खैरनार पंच गुडघ्यांवर बसून फक्कीची रेषा बघत होते.

दिंडोरीला मुलींच्या कबड्डीची अंतिम लढत होती. गुण सारखे, चढाई शेवटची. निळ्या कपड्यांतली मुलगी चढाईला गेली, कडेने वळली, मध्यरेषेवर परत आली आणि जिंकलो म्हणून दोन्ही हात वर करून उभी राहिली. तेवढ्यात खैरनारांची शिट्टी वाजली. मुलगी बाद. समोरच्या संघाला गुण. सामना संपला.

मुलगी दिंडोरी तालुक्यातली, मैदान दिंडोरीचं आणि भोवतीचे लोकही तिथलेच. मग काय होणार?

आधी ती मुलगीच पंचांकडे आली. म्हणाली, "सर, मी हात लावला होता."

खैरनार रेषेकडेच बघत म्हणाले, "पाय लॉबीत पडलाय. बाद."

"आधी हात लावला सर, मग पाय गेला."

"उलट बोलायचं नाही." आणि खिशातून हिरवं कार्ड काढून त्यांनी तसंच खाली मान घालून वर धरलं. हिरवं कार्ड म्हणजे खेळाडूला दिलेली ताकीद.

ज्यांना कबड्डी कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही आधी कळत नव्हती. मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक पट्टा असतो, त्याला लॉबी म्हणतात. समोरच्या कोणाला हात लागेपर्यंत त्या पट्ट्यात पाय टाकला की तुम्ही बाद. हात लागला की तोच पट्टा मैदानात धरतात. म्हणजे आधी हात की आधी पाय, एवढाच प्रश्न होता. मोठ्या पंचाला कबड्डीत सरपंच म्हणतात. त्यांनी खैरनारांकडे बघितलं, कारण ती कड खैरनारांची होती. खैरनार म्हणाले बाद, तर बाद.

लोकांनी गराडा घातला. "ओ पंच, वर बघा की. खाली काय पुरून ठेवलंय?" "डोळे हायेत का बटणं?" एक जण म्हणाला, "त्या आजी व्हिडिओ काढत होत्या, त्यांचा बघा."

ती आजी मी. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी खैरनारांचाच फोन धरला होता. सरपंच, दोन्हीकडचे शिक्षक, आयोजक, सगळे माझ्याभोवती वाकले. फोन मी कोणाच्या हातात दिला नाही. म्हटलं, माझ्या हातातच बघा.

व्हिडिओत नुसते पाय होते. धावणारे पाय, घसरणारे पाय, आणि रेषा.

"आजी, माणसं कुठं हायेत?"

"वर हायेत," मी म्हटलं. "मला खालचं काढायला सांगितलंय."

पाय लॉबीत पडल्याचं त्यात स्वच्छ दिसत होतं. हाताचं काही नव्हतंच. निकाल तसाच राहिला. आयोजकांनी आम्हाला दोघांना जीपमध्ये कोंबून नाशिकला आणून सोडलं. वाटेत खैरनार एकच वाक्य बोलले. "रेषा स्पष्ट होती, आक्का."

हे खैरनार इंदिरानगरला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. नाव वसंत, गाव नामपूर. पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण ते सांगायला ते विसरतात. विचारलं की म्हणतात, "मी पंच." शिट्टी गळ्यात असते. भाजीला जाताना असते, लग्नाला जाताना सदऱ्याच्या आत असते. एकदा दाढदुखीच्या डॉक्टरांनी ती काढायला सांगितली, तर यांनी मुठीत धरून ठेवली.

ते माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. पायांकडे बघतात. जिन्यात भेटले की माझ्या चपलांना विचारतात, "आक्का, टाच बरी आहे का?" दूधवाला बदलला तेव्हा महिनाभर यांना पत्ता नव्हता, कारण नव्या दूधवाल्याला जुन्याने आपले बूट देऊन टाकले होते. मंगल कार्यालयाच्या दाराशी चपलांचा ढीग असतो, त्यावरून हे सांगतात आत कोण कोण जेवतंय. समोर माणूस आला की मात्र गोंधळतात.

वरच्या मजल्यावर एक नवीन भाडेकरीण आली. तिने माझ्याकडे तक्रार केली, "मावशी, ते खालचे काका सारखे माझ्या पायांकडे बघतात." मी म्हटलं, "बाई, ते वर बघत नाहीत हे बरंच आहे. आणि तुझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटायला आलाय, तो शिवून घे." तिने खाली बघितलं. खरंच आला होता. मला खैरनारांनीच सांगितलं होतं.

दुसरी खोड म्हणजे "मागे घ्या". व्हिडिओ बघून बघून ही सवय लागली. आपण काही सांगायला लागलो की हे हात वर करतात. माझ्या सुनेचं आणि तिच्या बहिणीचं भांडण मी एकदा त्यांना सांगत होते. म्हटलं, ती तणतणत घरात आली आणि... खैरनार म्हणाले, "मागे घ्या. आली तेव्हा दार उघडं होतं की लोटलेलं?" मी म्हटलं लोटलेलं. "मग ढकललं कोणी? पायाने की हाताने?" अर्धा तास झाला तरी बहीण उंबऱ्यातच उभी. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, तिला आत येऊ द्या, मला भाकरी टाकायच्या आहेत."

सोसायटीच्या सभेला त्यांना कोणी बोलवत नाही, पण ते येतात. कोणाच्या गाडीला कोणाची गाडी घासली, कोणी कचरा टाकला, काहीही असो, यांचं एकच, "कॅमेऱ्याचं चित्र लावा. मागे घ्या. अजून मागे." सेक्रेटरी त्यांना बघून लिफ्टऐवजी जिन्याने जातात.

बायको होती तोवर मैदानावर फोन तीच धरायची. ती गेली आणि माझ्यावर वेळ आली. यांनी आधी दोन-तीन तरुण पंचांना धरायला सांगून बघितलं. पण त्यांना खेळाचं वेड, चढाई रंगली की फोन घेऊन तेच उड्या मारायचे आणि व्हिडिओत आकाश यायचं. मी चौथीपर्यंत शिकले आणि पुढची सगळी वर्षं द्राक्षाच्या बागेत गेली. घडांची विरळणी करायची तर हात दिवसभर डोक्याच्या वर धरावा लागतो. तो हलत नाही. आणि खेळात मला काडीचा रस नाही. खैरनार म्हणाले, "आक्का, तुमच्यासारखी बाई शोधून सापडणार नाही." मला हे कोणी आधी म्हटलं नव्हतं. मी जायला लागले. घरी बसून तरी काय करणार?

त्यांच्या पंच मंडळींचा फोनवर एक ग्रुप आहे. जिल्हाभरातले पंच त्यात आहेत. दर रविवारी सकाळी कोणीतरी एका सामन्याचा तुकडा टाकतो. त्यांचा नियम असा की तुकडा शिट्टीच्या आधी तोडायचा. मग प्रत्येकाने आपला निर्णय लिहायचा. सगळ्यांचं लिहून झालं की उरलेला तुकडा टाकायचा, म्हणजे मैदानावरच्या पंचाने काय दिलं ते कळतं. मी विचारलं, शिट्टी का तोडता? म्हणाले, "शिट्टी ऐकली की सगळ्यांना तेच दिसायला लागतं." नवीन पंच यावरच शिकतात. खैरनार त्यांना फोन करून झापतात. "तू खेळाडू बघत होतास. तुला प्रेक्षक म्हणून नेलंय का? रेषा बघ."

त्या ग्रुपमध्ये खैरनारांचा निर्णय कधी चुकला नव्हता. ते स्वतःच सांगायचे. मी विचारलं नव्हतं.

दिंडोरीहून आल्यावर काही दिवसांनी माझ्या भाचीने मला एक व्हिडिओ पाठवला. ती माझ्या माहेरी असते, त्याच गावची ती बाद दिलेली मुलगी. कोमल जाधव तिचं नाव. व्हिडिओबरोबर भाचीचा आवाज होता. "आत्या, हे तुझ्या त्या पंचाला दाखव. पोरीच्या आईनं काढलंय. कार्ड मिळालं म्हणून शिक्षकांनी पोरीला संघातून काढलंय. शाळेत सगळ्या लबाड म्हणून चिडवतात. लय रडती पोर."

मी व्हिडिओ बघितला. कोमलची आई खेळ बघत नव्हती, रेषाही बघत नव्हती. ती फक्त आपली मुलगी बघत होती. मुलगी जाईल तिकडे फोन. तिच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. आणि चढाईत मुलीची दोन बोटं समोरच्या लाल मुलीच्या बाहीला लागतात. लाल मुलगी स्वतः वळून आपल्या बाहीकडे बघते. पाय लॉबीत पडतो तो त्याच्यानंतर. मला कबड्डी कळत नाही, पण आधी काय आणि मग काय एवढं कळतं.

मी खाली गेले. खैरनार कांदा चिरत होते. म्हटलं, "भाऊ, हात धुवा. तुम्ही चुकलात."

"कशात?"

"दिंडोरीत."

त्यांनी हात धुतले नाहीत. फोन घेतला, टीव्हीला जोडला आणि बघितलं. मग स्वतःशीच म्हणाले, "मागे घ्या." स्वतःच मागे घेतलं. पुन्हा बघितलं. मला वाटलं आता वाद घालतील, कॅमेऱ्याचा कोन काढतील, बाही सैल होती म्हणतील. पण त्यांनी चित्र मुलीच्या तोंडावर थांबवलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"हिचा चेहरा असा आहे होय?" ते म्हणाले.

"मग कसा असणार? तुमच्यासमोर उभी होती ना ती."

"मी बघितला नाही, आक्का."

मला राग आला. म्हटलं, "भाऊ, साठी उलटली तुमची. माणूस समोर उभं राहून बोलतंय आणि तुम्ही जमीन बघता. काय वेड आहे हे?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. पंच झाले तेव्हा अगदी तरुण होते. नामपूरलाच सामना होता. एक मुलगा बाद होता, शंकाच नव्हती. पण त्याने यांच्याकडे असं बघितलं की शिट्टी तोंडातच राहिली. निर्णय दिलाच नाही. समोरची मुलं लांबून पायी आली होती, ती हरली आणि पायीच परत गेली. "त्या दिवशी ठरवलं, तोंडाकडे बघायचंच नाही. तोंड बघितलं की मला कोणाला बाद देता येत नाही, आक्का. पाय काही मागत नाहीत."

कांदा तसाच पडला होता. मी तो चिरून दिला. जाताना ऐकलं, ते त्या चित्राला हळूच म्हणाले, "मनी चूक शे." म्हणजे माझी चूक आहे. नामपूरचं बोलणं त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं आहे.

रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. म्हणाले, "बसा. मला एकट्याला धीर होत नाही." ग्रुपमध्ये त्यांनी कोमलच्या आईचा व्हिडिओ टाकला, शिट्टीच्या आधी तोडून. धडाधड उत्तरं आली. स्पर्श आहे, गुण द्या. बाही म्हणजे अंगच. सिन्नरकडचा एक तरुण पंच, ज्याला यांनी मागे झापलं होतं, त्याने लिहिलं, "यात विचारायचं काय? ज्याने हिला बाद दिलं असेल त्याची शिट्टी जप्त करा." त्यावर हसणारी तोंडं आली.

मग खैरनारांनी उरलेला तुकडा टाकला. त्यात शिट्टी वाजते, मुलगी वळते आणि तिच्या मागे हे गुडघ्यांवर बसलेले दिसतात. एका बोटाने त्यांनी लिहिलं, "पंच मी. निर्णय चुकला. कार्डही चुकलं." फोन टेबलावर पालथा ठेवला.

थोड्या वेळाने सरपंचांचा फोन आला. मला पलीकडचं ऐकू येत होतं. "खैरनार, कशाला उकरताय? निकाल लागला, ढाल गेली, झालं."

"निकाल राहू द्या," खैरनार म्हणाले. "पोर खोटी ठरली, ती कशी राहू देऊ?"

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने दिंडोरीला गेलो आणि तिथून रिक्षाने गावात. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. वाटेत चार वेळा मला विचारलं, मी काय म्हणू. मी म्हटलं, "चुकलो म्हणा. त्याला भाषण लागत नाही."

शाळेच्या मागच्या मैदानावर मुलींचा सराव चालला होता. शिक्षकांनी आम्हाला ओळखलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. मुली भोवती जमल्या. सगळ्या अनवाणी, मातीने भरलेल्या. शिक्षक इकडेतिकडे बघत म्हणाले, "कोमल आज आलेली नाही वाटतं. ती हल्ली येत नाही."

खैरनारांनी सवयीने मान खाली घातली. मुलींच्या पायांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "इथेच आहे. त्या दोघींच्या मागे उभी आहे. डाव्या पायाची करंगळी बाजूला असलेली."

मुली बाजूला झाल्या. दप्तर पोटाशी धरून कोमल उभी होती.

खैरनार तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग मान वर केली. वेळ लागला. गंजलेला नळ फिरवावा तशी ती मान वर आली. मला वाटलं, मध्येच अडकते की काय.

त्यांनी फोन काढला, सगळ्या मुलींना जवळ बोलावलं आणि व्हिडिओ लावला. शिट्टीच्या आधी थांबवला. "काय द्यायचं?"

"गुण, सर," मुली म्हणाल्या. कोणीतरी जोडलं, "दिसतंय की."

"मी बाद दिलं," खैरनार म्हणाले. "ही खरं बोलत होती. मी हिला उलट बोलते म्हणून कार्ड दाखवलं. ती उलट बोलत नव्हती. मी वर बघितलं नव्हतं." मग कोमलला म्हणाले, "बाळ, मी चुकलो."

कोमल म्हणाली, "मला माहीत होतं, सर. हात माझाच होता ना."

"हो," खैरनार म्हणाले. "मलाच माहीत नव्हतं."

एवढ्यात तिची आई बागेतून आली, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, हात काळे झालेले. कोणीतरी सांगायला पळालं असणार. तिने खैरनारांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढं सांगायला नाशिकहून आले?"

"हो."

"फोन करायचा होता."

"फोनवर नीट सांगता आलं नसतं, ताई."

"मग बघा आता नीट. रडून रडून कसं झालंय तोंड पोरीचं, ते बघा."

आणि खैरनार बघत राहिले. ती बाई काही गोड बोलत नव्हती, आणि मीही मध्ये पडले नाही, कारण तिचं बरोबर होतं. थोड्या वेळाने खैरनारांनी रुमाल काढून डोळे पुसले. म्हणाले, बागेतल्या फवारणीचा वास फार आहे. त्या दिवशी त्या शिवारात कुठेही फवारणी नव्हती. मी तिथलीच आहे, मला कळतं.

शिक्षकांनी घसा साफ केला. "कोमल, उद्यापासून ये सरावाला."

कोमलने दप्तर आईकडे दिलं. "आजच येते," म्हणाली आणि मैदानात गेली. तिची आई मला म्हणाली, "चला, चहा घ्या आता. आलाच आहात तर." यांना तसं म्हणाली नाही. पण कप त्यांनाही दिला.

सिन्नरच्या त्या तरुण पंचाने नंतर फोन केला होता. माफी मागत होता. खैरनार म्हणाले, "माफी कसली? तुझा निर्णय बरोबर होता. पुढच्या रविवारी तूच तुकडा निवड." आता नव्या पंचांच्या शिबिरात दोन्ही व्हिडिओ दाखवतात, माझा आणि कोमलच्या आईचा. आधी माझा लावतात. सगळे पंच बाद म्हणतात. मग तिचा लावतात. खैरनार मागच्या ओळीत बसतात आणि चुकलेल्या पंचाचं नाव सांगायची वेळ आली की उभे राहतात.

पंच म्हणून ते अजून जातात. पण आता वर बघतात, त्यामुळे निर्णयाला वेळ लागतो आणि लोक ओरडतात. कोणाला बाद दिलं की त्या दिवशी संध्याकाळी त्यांना जेवण जात नाही. मी वरण पाठवते, ते अर्धं परत येतं. बाद असेल त्याला मात्र बाद देतात. तेवढं त्यांना जमतं.

दिंडोरीचा निकाल बदलला नाही. बदलत नसतो. जिल्ह्याच्या संघात त्या वर्षी कोमलची निवड झाली नाही, ती आधीच होऊन गेली होती. त्या दिवशी बाद झाली ती कोमल जाधव. तिला बाद दिलं वसंत खैरनारांनी. आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसून पायांचा व्हिडिओ काढत होते मी.